लालबाई रुसून निघाली

एकदा काय झालं, एका राजाचं झाड पळून गेलं.

हसू नका. पळून म्हणजे पळून! लुगडं खोचावं तशी मुळं वर खोचून, कुंपणावरून उडी मारून, भर दिवसा, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत! आता झाड कसं पळतं म्हणून विचारणार असशील, रघ्या, तर आधी पाय पांघरुणात घे. मग सांगते.

तर एक होता राजा. त्याचं नाव धारोजी. राज्य केवढं? तर शेजारच्या राज्यातल्या राजाला तिकडं शिंक आली की हा इकडून 'शतंजीव!' म्हणायचा. एवढंसं राज्य. त्यामुळे राजाला काम थोडं आणि वेळ फार. तो सगळा वेळ जायचा परसात. परसात विहीर, विहिरीशी केळी, कडेला लिंबू, आणि मधोमध एक पेरूचं झाड. त्या झाडाला नाव होतं, बरं का. लालबाई! पेरू वरून हिरवापिवळा आणि फोडला की आत लालचुटूक, म्हणून लालबाई. आणि वास असा की रस्त्यानं जाणारा माणूस आपलं घर विसरून राजाच्याच दारात येऊन उभा राहायचा.

राजाला एक मुलगी होती, सगुणा. आपल्या बबीएवढी असेल. अंगानं चिपाड, पण झाडावर चढायला माकड आणि गूळ शोधायला मुंगी. बबे, तुला नाही म्हणत मी, सगुणाचं सांगतेय.

राजाचा लालबाईवर फार जीव. तिची एक डहाळी कोणाला कापू द्यायचा नाही. माळी कोयता घेऊन आला की राजा मध्ये आडवा. वाळकी फांदी? "राहू दे, तिला दुखेल." एकमेकींत घुसलेल्या फांद्या? "राहू दे, बहिणी-बहिणी आहेत त्या." मग एका फांदीवर बांडगूळ बसलं. बांडगूळ ठाऊक आहे ना? पाखरानं टाकलेलं बी फांदीला चिकटतं, तिच्यातच मूळ घालतं, आणि बसल्या जागी तिचा रस पीत राहतं. फुकटखाऊ मेलं! पण राजा म्हणाला, "राहू दे, किती हिरवंगार आहे, आणि फुलं बघा कशी केशरी!" वर सकाळ-संध्याकाळ घागरी भरभरून पाणी. लालबाईच्या बुडाशी बारा महिने चिखल.

फार लाड केले की काय होतं? हं, बरोबर. लालबाई फोफावली. परसात दुपारचा दिवा लावावा एवढा अंधार झाला. आणि पेरू? आधी कमी झाले. मग एकच आला, तोही किडका. मग तीन वर्षं नाहीच आला.

आणि नेमके तेव्हाच राणीला डोहाळे लागले. राणीच्या पोटात बाळ होतं. पोटातलं बाळ आईच्या तोंडून खाऊ मागतं, त्याला डोहाळे म्हणतात. चिंच आणली, नको. आवळे आणले, नको. राणी म्हणाली, "मला लालबाईचा पेरू हवा. फोडी करून, तिखट-मीठ लावून."

सुटलं ना तोंडाला पाणी? तिलाही सुटायचं. पण पेरू कुठाय! राजानं बाजारातून टोपली आणली. राणीनं वास घेतला आणि टोपली सरकवली. शेजारच्या राज्यातून आणवली. तीही सरकवली. मग तर काहीच खाईना. पेजेचा घोट घेतला तरी उलटून पडे. गाल बसले. बांगड्या कोपरापर्यंत सरकायला लागल्या. सुईण राजाला म्हणाली, "डोहाळा पुरवा, महाराज. आईच्या पोटात काही गेलं नाही तर बाळ कशावर वाढायचं?" सगुणानं ते दाराआडून ऐकलं.

मग आली संक्रांत.

त्या राज्यात एक रीत होती. जे झाड फळ देत नाही त्याला संक्रांतीच्या दिवशी धाक घालायचा. घरच्या धन्यानं कुऱ्हाड घ्यायची, बोथट बाजू तीनदा खोडाला टेकवायची आणि ओरडायचं, "फळ देत नाहीस, तोडू का तुला?" की लगेच घरातल्या सगळ्यांत धाकट्यानं पुढं धावायचं, झाडाला मिठी मारायची आणि म्हणायचं, "नको, नको, तोडू नका! यंदा देईल ती. मी जामीन!" मग कुऱ्हाड खाली. झाडाच्या बुडाशी तिळगूळ, माणसांच्या हातात तिळगूळ, झालं! नाटकच हो सगळं. झाडालाही ठाऊक असतं. पण ते 'मी जामीन' फार मोलाचं, बरं का. आपल्यासाठी कोणीतरी उभं आहे, तेवढ्या शब्दावर झाड वर्ष काढतं.

राजवाड्यात धाकटी कोण? सगुणा. म्हणजे जामीन तीच.

तर त्या दिवशी सगुणा नवाकोरा काळा परकर नेसून तयार. परसात माणसं जमलेली. आणि स्वयंपाकघरात, तिळाच्या लाडवांसाठी, चिक्कीचा गूळ! साधा गूळ नव्हे, चिक्कीचा. दातांना असा धरतो की सोडायचं नाव नाही. सगुणानं इकडं बघितलं, तिकडं बघितलं आणि लाडवाएवढा गोळा तोंडात कोंबला. तेवढ्यात हाक आली, "सगुणा, चल लवकर!"

राजानं कुऱ्हाड उचलली. दर वर्षी तो हसू दाबत धाक घालायचा. त्या दिवशी हसू नव्हतं. वर खिडकीत राणी उभी, तोंड एवढंसं झालेलं. तिच्याकडं बघून राजाचा आवाज खरोखरच चढला. "तुला जपलं, पाणी पाजलं, आणि एक पेरू देत नाहीस? तोडूनच टाकतो तुला!"

आता सगुणाची पाळी.

"म्म्म," सगुणा म्हणाली.

"अगं, बोल ना!" राजा ओठांतल्या ओठांत पुटपुटला. कुऱ्हाड डोक्यावरच धरलेली. "म्म्म्म!" सगुणानं जोर लावला. जबडा उघडेना! गिळावा तर गिळवेना, थुंकावा तर सुटेना. सगळं जग एकमेकांना 'गोड बोला, गोड बोला' म्हणतंय, आणि हिच्या तोंडात एवढं गोड की बोलताच येईना!

लालबाई वाट बघत होती. एक पान हलत नव्हतं. तिनं वाट बघितली, बघितली, आणि मग जमीन हादरली. फच्च! चिखलातून पाय काढावा तसं एक मूळ वर आलं. फच्च! दुसरं. लालबाईनं अंग झाडलं, मुळं खोचली, कुंपणावरून उडी घेतली आणि निघाली!

"नको!" सगुणा ओरडली. सुटला एकदाचा गूळ. पण वरातीमागून घोडं! लालबाई केव्हाच वळणापलीकडं गेली होती. राजा कुऱ्हाड मांडीवर घेऊन मटकन खाली बसला. सगुणाला तर वाटलं, ते मोकळं झालेलं भोक आहे ना जमिनीत, त्यात आपणच जाऊन बसावं.

तेवढ्यात राणीनं खिडकीतून हाक मारली. "सगुणा, रडतेस काय? ऐक आधी. माझी आई सांगायची, उठलेलं झाड तीनदा बसतं. दोनदा दम खायला आणि तिसऱ्यांदा रुजायला. तिसऱ्यांदा जिथं बसेल तिथलंच होऊन राहतं. आणि दिवस मावळायच्या आत मुळं मातीत गेली नाहीत तर झाड जगत नाही. जामीन तू आहेस, दुसऱ्या कोणाचं ती ऐकायची नाही. पळ!"

राजानं सगुणाच्या खांद्यावर जाडजूड दोर टाकला. "बांधून आण तिला." राणीनं खुंटीवरची लहानशी करवत दिली. राणीचं माहेर पेरूच्या बागांचं. लग्नात ती करवत घेऊनच आली होती, पण राजानं कधी खुंटीवरून काढू दिली नव्हती. सगुणानं कनवटीला एक तिळगूळ खोचला आणि सुटली!

वाट शोधायला नको होती. धुळीत मुळांचे फराटे, कुंपणांवर लोंबणारी पानं. सगुणा पळतेय, पळतेय. आणि नदीकाठी बघते तर लालबाई बसलेली. फासफूस, फासफूस धापा टाकतेय.

"लालबाई, चल ना घरी," सगुणा म्हणाली.

"आधी तो दोर लांब ठेव. आणि सांग, तू बोलली का नाहीस?"

सगुणानं मान खाली घातली. "तोंडात गूळ होता."

"गूळ!" लालबाईची सगळी पानं सळसळली. "माझ्या जिवावर बेतलं आणि हिच्या तोंडात गूळ! मला नाही यायचं. माझं अंगअंग ठणकतंय. वाळक्या फांद्यांचं ओझं घेऊन उभी आहे मी. पोटात फांदीला फांदी घासून सालटी निघाली. तीन वर्षांत ऊन म्हणून आत शिरलं नाही. कोणी विचारलं कधी?"

सगुणानं वर बघितलं. खरंच की! तिनं परकराचा काचा मारला, करवत दातांत धरली आणि चढली. वाळकी फांदी धरली, वरून करवत चालवली. अर्धी कापली नाही तोच फांदी स्वतःच्या भारानं काडकन मोडली आणि खोडाची साल सोलत गेली.

"आई गं!" लालबाई कळवळली. "अशी नाही कापायची! आधी खालून थोडी काप, मग वरून. म्हणजे साल फाटत नाही. आणि खुंटी ठेवू नकोस, ती कुजते."

मग सगुणानं तसं केलं. आधी खालून, मग वरून. वाळक्या काढल्या. घासणाऱ्या दोघींतली एक काढली, एक ठेवली. काढली तिथं नदीची ओली माती थापली. हळूहळू लालबाईच्या पोटात ऊन उतरलं. लालबाईनं असा मोठा श्वास घेतला, आणि म्हणाली, "हाऽऽ! किती हलकं वाटलं गं!" आणि उठली. आणि पळाली. हलकी झाली ना! मघापेक्षा दुप्पट वेगानं पळाली!

सगुणा बघतच राहिली. आता याला काय म्हणावं? करायला गेली एक आणि झालं भलतंच.

दोर उचलला, पुन्हा पळत सुटली. नदी ओलांडली, चढण चढली. दिवस कलायला लागला. माळावर बघते तर लालबाई दुसऱ्यांदा टेकलेली, डोळा लागलेला. झाडाला डोळा कुठं असतो म्हणू नकोस, रघ्या. लागला होता. सगुणा या खेपेला शहाणी झाली. मांजराच्या पावलांनी गेली, हाताला आली त्या जाड फांदीला दोर बांधला, गाठीवर गाठ मारली. आता कशी जाशील!

तेवढ्यात वरून कोणीतरी गोडगोड बोललं, "शाब्बास गं माझी राजकन्ये!"

सगुणानं वर बघितलं. बांडगूळ! फांदीवर मांडी ठोकून बसलेलं. टवटवीत, तेल लावल्यासारखं. आणि त्याच्या पलीकडं त्याच फांदीचं टोक बिचारं वाळून काटकी झालेलं.

"मला मात्र कापू नकोस हं," बांडगूळ म्हणालं. "मी असा जड. मी वर बसलोय म्हणून ही हळू पळते. मला ठेवलंस तर ही तुझ्या हातची जायची नाही. मला काढलंस की गेली वाऱ्यावर! मग तुझी आई काय खाणार?"

सगुणाचा हात थांबला. बोललं ते खरं होतं की नाही? अगदी खरं. दुष्टांचं हेच तर असतं, खरं बोलून वाईट करतात. सगुणाला आईच्या बांगड्या आठवल्या, कोपरापर्यंत सरकणाऱ्या. मग तिनं लालबाईच्या पानाला हात लावला. पान कडेनं वळलेलं, निस्तेज. आईच्या गालासारखंच. एकीसाठी दुसरीला असं पिऊ द्यायचं? सगुणाचे डोळे भरून आले आणि तिनं करवत लावली.

"अगं, नुसतं ओरबाडून मी जात नाही!" बांडगूळ खदखदा हसलं. "माझं मूळ तिच्या आत आहे."

"म्हणून तर तुझ्या खालून कापणार," सगुणा म्हणाली. आणि बांडगुळाच्या हातभर खालून, आधी खालून, मग वरून, अख्खी फांदीच कापली. धप्प! बांडगूळ माळावर. आणि त्याच्याबरोबर दोरही माळावर! का सांगा? बबे, तू सांग. बरोबर! दोर त्याच फांदीला बांधलेला होता!

लालबाई दचकून उठली. तिच्या अंगात रस असा सळसळला की विचारू नका. जखमेवर सगुणानं माती थापली न थापली तोच ती उडाली. पळालीच नाही, उडाली! सगुणा दोर गुंडाळून खांद्यावर टाकते न टाकते तोवर माळाच्या टोकाला नुसती धूळ.

आता एकच बसणं राहिलं होतं. तिसरं.

सगुणा धावली. ठेच लागली, उठली, पुन्हा धावली. आणि कुठं येऊन पोचली? तर शेजारच्या राज्यात, राजा गुंडोजीच्या बागेत. गुंडोजी स्वतः उभा, मिशीला पीळ देत. लांबून धूळ बघताच त्यानं पुढं सुंदर खड्डा खणून घेतलेला. त्यात शेणखत, वर राख, बाजूला पाण्याचा पाट झुळझुळतोय. खड्ड्याच्या काठावर लालबाई उभी. आणि तिनं एका मुळाचं टोक आत टाकलेलं!

"ये, ये, बस," गुंडोजी म्हणत होता. "एकदा बसलीस की माझी."

सूर्य डोंगराला टेकायला वीतभर राहिला होता. सगुणा 'थांब' म्हणणार, तेवढ्यात तिची नजर खाली गेली. लालबाईची मुळं! दगडांनी सोललेली, धुळीनं माखलेली, उन्हानं वाळून सुतळीसारखी झालेली. पळण्याच्या नादात लालबाईला कळलंच नव्हतं. घर तर केवढं लांब. तिला आता परत फिरवली आणि वाटेतच दिवस मावळला तर?

सगुणाच्या मनात काय कालवाकालव झाली असेल! घरी आई उपाशी, आईच्या पोटात बाळ. आणि पेरू इथंच राहिला तर गुंडोजीचा. पण समोर लालबाई, आणि तिचा जीव जाणारा. सगुणानं डोळे पुसले.

"लालबाई, बस तू," ती म्हणाली. "इथंच बस. पण अशी कोरडी मुळं घालून बसू नकोस, ती धरायची नाहीत."

आणि तिनं काय केलं? आपल्या नव्या काळ्या परकराचा घेर टर्रकन फाडला! संक्रांतीचा नवाकोरा परकर! पाटात भिजवला, शेणमातीचा दाट काला केला, एकेका मुळाला चोपडला आणि वरून ओलं फडकं गुंडाळलं. आई लेकराच्या पायाला बांधते तसं. लालबाई वरून बघत होती. मग तिनं हळूच मान वळवली.

"गुंडोजी राजे," तिनं विचारलं, "आणि मी इथं फळ दिलं नाही तर?"

"तर काय?" गुंडोजी खो खो हसला. "चूल आहे की! लाकूड चांगलं दिसतंय तुझं."

"मग तेव्हा माझा जामीन कोण?"

"जामीन?" गुंडोजीला समजेच ना. "झाडाला कसला आलाय जामीन!"

आणि सगुणा ओरडली! तोंडात गूळ नाही, काही नाही, बेंबीच्या देठापासून ओरडली, "नको! तोडू नका तिला! मी जामीन! फळ देवो न देवो, मी जामीन! दर संक्रांतीला येईन मी इथं. मी जामीन!"

फच्च! लालबाईनं खड्ड्यातलं मूळ बाहेर काढलं.

"जिथं माझा जामीन, तिथं मी," ती म्हणाली. "चढ लवकर!"

सगुणा टुणकन उडी मारून बेचक्यात बसली. गुंडोजी हात पसरून आडवा आला. लालबाईनं असं अंग झाडलं की दिवसभराची सगळी धूळ त्याच्या नाकात! आँऽऽक छी! आँऽऽक छी! आणि लांबून, पार लांबून, धारोजी राजाचा रडवेला आवाज आला, "शतंजीव!" त्या आवाजाच्या रोखानं लालबाई सुटली. माळ गेला, नदी गेली, वळण गेलं. सूर्य अर्धा डोंगराआड. "पळ, लालबाई, पळ!" अंग हलकं, मुळांना गारवा, लालबाई वाऱ्यासारखी परसात शिरली, आणि थबकली.

जुन्या खड्ड्यात नुसता चिखल. "या डबक्यात मी पाय घालायची नाही," लालबाई म्हणाली.

मग जी धावपळ उडाली! राजानं स्वतःच्या मुकुटानं पाणी उपसलं. हो, मुकुटानं! घागर शोधायला वेळ कुठं होता? सुईणीनं चुलीतली राख आणली, माळ्यानं कोरडी माती ओतली, सगुणानं वाळलेलं शेणखत पसरलं. राणी खिडकीतून ओरडतेय, "लवकर, लवकर, बुडाला सूर्य!" आणि शेवटची तांबडी कोर डोंगराआड जाणार, तोच लालबाई बसली! तिसऱ्यांदा. आपल्या घरी. सगळ्यांनी मिळून मुळांवर माती लोटली. राजाच्या डोळ्यांतून धारा.

"राजा," लालबाई म्हणाली, "एक सांग. माझी एक डहाळी कापायला तुझा जीव होत नव्हता. मग अख्खी मला तोडायची भाषा तुझ्या तोंडून निघाली कशी?"

राजानं कुऱ्हाड दूर सारली. मग सगळ्यांसमोर म्हणाला, "चुकलो."

"बरं," लालबाईनं जांभई दिली. "बाकीचं उद्या. तिन्हीसांज झाली, आता मला कोणी हात लावू नका." आणि झोपली.

दुसऱ्या दिवशी सकाळी राजानं करवत हातात घेतली. सगुणा खालून सांगतेय, राजा वर चढून कापतोय, एक डोळा मिटून. सरळ आभाळाकडं वाढलेले जाड फुटवे, पाणी पिऊन माजलेले, देणं-घेणं काही नाही, ते काढले. राजा दर फुटव्याला 'चुकलो' म्हणायचा. शेवटी लालबाईच कंटाळली. "पुरे रे," ती म्हणाली. "पेरू जुन्या लाकडाला लागत नाही, कोवळ्या फुटीला लागतो. जुनं काढलंच नाहीस तर नवं फुटणार कुठून? आणि पाणी जरा दमानं. मला थोडी तहान लागू दे."

राजाला ते फार जड गेलं. घागर घेऊन हळूच परसात यायचा, आणि लालबाई नुसती खाकरायची. की निघाला परत!

राणीनं लालबाईचं कोवळं पान चघळलं, तशी तिच्या घशाखाली पेज उतरायला लागली. मग कापलं होतं तिथं तिथं पोपटी कोंब फुटले. मग कोंबांना पांढरी फुलं आली. मग फुलांचे पेरू झाले! आणि राणीची ओटी भरायच्या दिवशी, हिरव्या साडीत, हिरव्या बांगड्यांत राणी पाटावर बसली, तेव्हा सगुणानं पहिला पेरू तिच्या हातात दिला. फोडला. आत लालचुटूक! तिखट-मीठ लावलं. राणीनं फोड तोंडात घातली. कच्च! आणि हसली. किती दिवसांनी हसली! मग तिनं एक खाल्ला, दुसरा खाल्ला, तिसरा खाल्ला. राजा तिच्याकडं बघून रडला, माळी राजाकडं बघून रडला आणि सगुणानं तेवढ्यात चौथा पळवला.

मग राणीला बाळ झालं. गुटगुटीत मुलगा, लालबाईच्या पेरूसारखा. आणि तो दोर होता ना, बांधून आणायचा? सगुणानं त्याची झोळी बांधली, लालबाईच्या फांदीला. बाळ त्यात झोपायचं आणि लालबाई आपली आपणच झोका द्यायची.

मग पुन्हा संक्रांत आली. राजा परसात आला. हातात कुऱ्हाड नव्हती, राणीची करवत होती. त्यानं खोडावर हात ठेवला आणि विचारलं, "लालबाई, कुठं दुखतंय का?" आता धाकटं होतं बाळ, पण ते कुठलं बोलायला? ते बिचारं मुठी चोखत होतं. म्हणून सगुणा पुढं आली. तोंड उघडून सगळ्यांना दाखवलं, काही नाही आत! आणि कोणी विचारायच्या आधीच म्हणाली, "मी जामीन!" कनवटीचा तिळगूळ काढून लालबाईच्या बुडाशी ठेवला. तोच, गेल्या वर्षीचा. इतक्या पळापळीत द्यायचा राहून गेला होता, आणि गूळ समोर असून सगुणानं तो वर्षभर खाल्ला नव्हता. यावरून काय ते समजा.

मग ते सगळे सुखानं राहिले. पेरू एवढे यायचे की टोपलीभर गुंडोजीलाही जायचे. खाताना तिखट नाकात जायचं, तो शिंकायचा, आणि धारोजी इकडून म्हणायचा, "शतंजीव!"

चला. आपली झाडंही झोपली आता. तिन्हीसांजेनंतर झाडाला हात लावत नाहीत आणि झोपलेल्या पोराला हाक मारत नाहीत. मिटा डोळे. बबे, 'म्म्म' काय? तोंड उघड बघू. अगं, कुठून घेतलास हा गूळ? ऊठ, चूळ भर आधी. मग झोप.